खुर्चीची पाळी

माझी माय अकोल्यात एका डाळ मिलमध्ये डाळ निवडायला जायची. बाप धान्य बाजारात हमाल होता, पण पाठ धरली की आठ-आठ दिवस अंथरुणावर पडून असायचा. म्हणून घर खरं चालायचं ते मायच्या सुपावर. मिलच्या शेडमध्ये बायांची रांग बसायची. मांडीवर सूप, सुपात तुरीची डाळ, आणि त्यातले खडे नि काळे दाणे वेचून बाजूला टाकायचे, सकाळी आठपासून दिवस कलेपर्यंत.

चाळिशी उलटली तशी माय सूप मांडीवरून गुडघ्यावर सरकवायला लागली. मग गुडघ्याच्याही पुढं, हात लांब करून. शेजारच्या बाया म्हणायच्या, "काहून वो, डाळ निवडून राहिली का सासऱ्याले वाढून राहिली?" माय हसायची. एक दिवस एका व्यापाऱ्याच्या पोत्यात खडे निघाले. मुकादम शेडमध्ये आला, त्यानं मायचं सूप उचललं आणि सगळ्या बायांसमोर फरशीवर उलटं केलं. एक-एक खडा बोटानं दाखवला. दुसऱ्या दिवसापासून माय मिलमध्ये गेली नाही. मी तेव्हा आठवीत होतो. पुढं ती चार घरची भांडी घासायची, आणि आमच्याकडं संध्याकाळची चूल बऱ्याचदा पेटायची नाही.

बारावीनंतर मेडिकलला नंबर लागला नाही. कोणीतरी सांगितलं, ऑप्टोमेट्री म्हणून चार वर्षांचा कोर्स आहे, डोळे तपासायचा. मी गेलो. पहिल्या वर्षी एका तासाला आमचे सर शिकवत होते की चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं पुसट दिसतं, आणि यावर इलाज म्हणजे वाचायचा साधा चष्मा. मी लिहिता-लिहिता थांबलो. त्याच आठवड्यात मायला चष्मा नेऊन दिला. तिनं तो लावला, ताटातल्या भाताकडं बघितलं आणि म्हणाली, "एवढंच होतं काय?"

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. हे मी कधी लपवलं नाही, उलट दोनदा जास्तच सांगतो. पुढं त्याच विषयातली वरची पदवी, एम.ऑप्टम, घेतली आणि अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवायला लागलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. दर वर्षी नवी बॅच आली की पहिल्या तासाला मी मायची ही गोष्ट सांगतो. शेवटी म्हणतो, एका बाईचं काम गेलं, कारण तिच्या डोळ्यात बघणारं कोणी नव्हतं. तुम्ही बघणारे व्हा. वर्ग गप्प होतो. तो गप्पपणा मला आवडायचा, हेही खरं सांगून टाकतो.

आणि हे सांगणारा मी, दोन वर्षं माझ्या वर्गातल्या एका पोरीचे डोळे माझ्यासमोर होते, मला काही दिसलं नाही.

ती अंजनगाव सुर्जीची. घरचा पानमळा. बारावीच्या पुढं शिकायला बाहेर पडलेली घरातली पहिलीच मुलगी, त्यामुळं माझा तिच्यावर जरा जीव होता. हुशार होती. रेटिनोस्कोपी म्हणजे डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवून, रोग्याला काही न विचारता नंबर काढायचा. ते भल्याभल्यांना वर्षभर जमत नाही, तिला महिन्याभरात जमलं.

फक्त डार्करूममध्ये धडपडायची. आमची डार्करूम म्हणजे काळ्या भिंतींची लांबट खोली, दाराला जाड पडदा, आत स्टुलं. दिवा मालवलेला असताना ती आत आली की एक तरी स्टूल पडायचं. मी एकदा म्हटलं, "बाई, डोळे अंजनगावलाच ठेवून आली काय?" वर्ग हसला. तीही हसली. मग ते माझं नेहमीचंच झालं. स्टूल पडलं की पोरंच माझ्याकडं बघायची, सर काय म्हणतात म्हणून. पुढं ती दहा मिनिटं आधी यायला लागली. दिवे चालू असतानाच आपल्या जागेवर जाऊन बसायची. मी तिचं उदाहरण बाकीच्यांना दिलं, वक्तशीरपणा हिच्याकडून शिका म्हणून.

अंधारात धडपडणारा माणूस समोर दिसला तर पहिली शंका कशाची घ्यायची, हे मीच दुसऱ्या वर्षाला शिकवतो.

आमच्या विद्येत एक रीत आहे. पेशंटला हात लावायच्या आधी पोरं एकमेकांचे डोळे तपासून शिकतात. तिसऱ्या वर्षी बाहुली मोठी करायचे थेंब घालून डोळ्याचा पडदा बघायला शिकवतात, तेव्हा रोल नंबरनं रोज एकाची पाळी लागते. त्यानं खुर्चीत बसायचं, बाकीच्यांनी बघायचं. आम्ही तिला खुर्चीची पाळी म्हणतो. माझ्या सरांनी मला तसंच बसवलं होतं, मी माझ्या पोरांना बसवत आलो. कोणाला विचारायचं असतं, हे डोक्यातच नव्हतं. वीस-एकवीस वर्षांच्या पोरांच्या डोळ्यात निघून निघून काय निघणार?

तिची पाळी आली त्या दिवशी पहिल्या मुलानं ऑप्थॅल्मोस्कोप तिच्या डोळ्याला लावला आणि बराच वेळ काढला. मग म्हणाला, सर, कडेला काळं काळं काहीतरी आहे, मला नीट फोकस होत नाही वाटतं. मी त्याला बाजूला सारून बघितलं. फोकस बरोबर होता. पडद्याच्या कडेनं काळ्या रंगाचे फाटे फुटलेले डाग, बारीक झालेल्या रक्तवाहिन्या, मेणासारखी फिकट पडलेली नस. पुस्तकात छापतात तसं.

याला रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणतात. पडद्याच्या पेशी कडेकडून मरत येतात. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग बाजूचं जातं, आणि नजर नळीतून बघितल्यासारखी मधल्यामध्ये उरते. मधलं कधी जाईल ते कोणी सांगू शकत नाही. औषध नाही.

हे सगळं मला त्या क्षणी माहीत होतं. आणि मला काय वाटलं ते लिहितो, कारण त्याच्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. मला आनंद झाला. इतकी स्पष्ट केस वर्गात मिळाली म्हणून.

मी म्हणालो, "सगळे इकडं या. रांग लावा. या पेशंटच्या डोळ्यात जे आहे ते पुन्हा बघायला मिळणार नाही."

वर्गात एकवीस जण, ती धरून. वीस जणांनी आळीपाळीनं तिच्या डोळ्यात उजेड टाकला. मी बाजूला उभा राहून प्रश्न विचारत होतो. डाग कसले? पोरांनी सांगितलं. पेशंटची पहिली तक्रार काय असते? अंधारात ठेचकाळतो, सर. हे उत्तर आलं तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात स्टूल पडलं नाही. पुढं काय होतं? एका मुलीनं चाचरत सांगितलं, शेवटी पूर्ण अंधत्व येऊ शकतं. मी म्हणालो, शाब्बास.

मग विचारलं, घराण्यात हा आजार कसा उतरतो? कोणाला येईना. मी म्हणालो, अरे, मागच्या सेमिस्टरला झालंय, कोणीच सांगणार नाही काय?

खुर्चीतून आवाज आला. "आई-वडील नात्यातले असले तर शक्यता वाढते, सर. माझी आई माझ्या बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी आहे."

आणि मी म्हणालो, "बरोबर. शाब्बास."

तोंडातून निघून गेलं ते, सवयीनं. वर्ग गप्प झाला होता. तो गप्पपणा मला कळला नाही. तास संपताना सांगितलं की आजची केस जर्नलमध्ये रंगीत पेन्सिलींनी काढा, सोमवारी सही करतो. तिनं उठून चाचपत बॅग घेतली. मी म्हणालो, बाहुल्या मोठ्या आहेत, उन्हात जाताना गॉगल लाव. थेंब घातलेल्या प्रत्येक माणसाला सांगतो तेच. ते "शाब्बास" सोडलं तर तिच्याशी त्या तासाभरात मी एवढंच बोललो.

घरी येऊन बायकोला सांगितलं की आज पोरांना फार चांगली केस दाखवता आली. तिनं विचारलं, कोणाची? मी म्हणालो, वर्गातल्याच एका मुलीची. तिनं भाजी चिरायची थांबवून माझ्याकडं बघितलं आणि परत चिरायला लागली. ते बघणं मला सोमवारी कळलं. सह्यांना वीस जर्नलं आली. वीस पानांवर तिच्या डोळ्याचा पडदा, लाल गोल आणि काळे डाग. मी लाल पेननं सह्या करत होतो, दोघांच्या पानावर "छान" लिहिलं, आणि मग लक्षात आलं की एकविसावं जर्नल नाही.

तिची रूममेट म्हणाली, ती त्याच दिवशीच्या संध्याकाळच्या गाडीनं गावी गेली. फोन उचलत नाही. जाताना एवढंच म्हणाली, जिला पुढं दिसणार नाही तिच्यापुढं डोळे दाखवायला कोण बसेल. आमच्या बॅचला त्याच तालुक्यातला एक मुलगा होता. त्यानं घरी फोनवर सांगितलं, आणि दोन दिवसांत अंजनगावात झालं की पानमळेवाल्याची पोरगी आंधळी होणार.

त्या आठवड्यात मी जुनी जर्नलं काढून बसलो. दुसऱ्या वर्षी जोडी-जोडीनं बाजूची नजर तपासायची साधी चाचणी असते, समोरासमोर बसून बोटं हलवायची. तिच्या पानावर जोडीदारानं "नॉर्मल" लिहिलं होतं. केलीच नसणार, सगळेच तसं लिहितात. खाली माझी सही.

हजेरीचा हिशेब विभागप्रमुखांनी सांगितला. पंधरा दिवसांत ती आली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, आणि वर्ष गेलं की ती परत येईल असं कोणालाच वाटत नव्हतं. ते चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, तुम्ही काय चुकीचं केलं, निदान तर बरोबरच होतं ना? मलाही तेच म्हणून सुटायचं होतं.

रविवारी अकोल्याला गेलो. मायला सगळं सांगितलं. तिला आजाराचं नाव कळलं नाही, बाकी सगळं कळलं. मग म्हणाली, "मुकादमानं माह्यं सूप उलटं केलं होतं, आठवते काय तुले?"

मी म्हणालो, आठवते.

"खडे तं होतेच माह्या सुपात. तो खोटं नोयता बोलला."

तिनं जेवायला वाढलं. निघताना म्हणाली, "जाय. फोन नोको करू, जाय."

बुधवारी सुट्टी टाकून दर्यापूरमार्गे अंजनगावला गेलो. एस.टी.त बसून माफीची चार वाक्यं जुळवली होती. घर सापडायला वेळ लागला नाही, ज्याला पत्ता विचारला त्यानं, "ते आंधळ्या पोरीचं काय?" असं विचारून हात दाखवला. मला तिथंच परत फिरावंसं वाटलं.

तिचे वडील आणि आई ओसरीत पानं निवडत बसले होते. ओल्या फडक्यानं पुसून, लहान-मोठी वेगळी करून टोपलीत रचत होते. मी कोण ते सांगितलं. वडिलांनी उठून सतरंजी टाकली, पाणी दिलं. एक शब्द वाकडा बोलले नाहीत. मी भांडणाची तयारी करून गेलो होतो.

आई मात्र पानांवरून नजर न उचलता म्हणाली, "आता हिले बायको कोण करीन, सर? ते सांगा. लहानपणी दिवे गेले का रडे, आमी भित्री म्हणो तिले."

वडील म्हणाले, "ते नोको काढू." मग माझ्याकडं वळले. नागपूरला पडद्याच्या डॉक्टरांना दाखवून आणलं होतं, त्यांनीही तेच सांगितलं होतं. "आमी अडाणी. आमाले नाई समजलं. पण एक सांगा सर, दोन वर्षं पोरगी तुमच्यापाशी होती. तुमाले आधी दिसलं नाई काय?"

रागानं नव्हतं विचारलं. खरंच माहीत करून घ्यायचं होतं त्यांना. मी म्हणालो, "दिसत होतं, भाऊ. मी बघितलं नाही. मी तिची थट्टा करत होतो." जुळवलेली चार वाक्यं राहिली ती राहिलीच.

ती आतून आली आणि दाराला टेकून उभी राहिली. तिच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही, हेही लिहून ठेवतो. रोज दहा जणांच्या डोळ्यात बघणारा माणूस मी. माफ कर म्हणालो. ती म्हणाली, "सर, सांगितलं ते चूक नाही. कधीतरी कळलंच असतं. अंधारात सगळ्यांनाच असं दिसतं, असं मला वाटायचं. पण मी त्या खुर्चीत तासभर होते. तुम्ही मला एकदा नावानं हाक मारली नाही. नुसतं पेशंट म्हणत होतात."

मी मान हलवली.

"आता एक विचारते, खोटं नका सांगू. मला हे काम करता येईल का?"

खोटं सांगणं सोपं होतं. मी सांगितलं, तुझी मधली नजर आज पूर्ण आहे. नंबर काढायला, भिंगं लावायला, तीच लागते. किती वर्षं राहील ते मला माहीत नाही, नागपूरच्या डॉक्टरांनाही नाही. दहा राहील, तीस राहील. तोवर करता येईल, आणि माझ्या वर्गात सगळ्यात चांगलं तुलाच येतं. ही शेवटची गोष्ट तिला खूश करायला सांगितली नव्हती, ती खरीच होती.

वडील म्हणाले, "पोरी, तुह्यं तू ठरव. आमी नाई अडवत, आमी नाई लोटत."

तिनं दोन गोष्टी मागितल्या. एक, डार्करूमच्या दाराशी खाली बारीक दिवा पाहिजे आणि स्टुलांच्या कडांना पांढरी पट्टी. दुसरी, वीस जर्नलांतली ती वीस पानं. "माझे डोळे आहेत ते," ती म्हणाली. "मार्कांसाठी नाही काढू दिले मी."

दिवा आणि पट्ट्या मी त्याच शनिवारी स्वतः लावल्या. पानांचं अवघड होतं. प्रॅक्टिकलच्या जर्नलला पान क्रमांक असतात, पान फाटलं तर बाहेरचा परीक्षक विचारतो. मी वर्गात उभा राहिलो आणि काय झालं, माझं काय चुकलं ते सगळं सांगितलं. मायची गोष्ट सांगतो तसं रंगवून नाही, नुसतं सांगितलं. मग पानं मागितली. बहुतेकांनी मुकाट्यानं दिली. अंजनगावकडच्या त्या मुलानं सगळ्यात आधी. एक जण मात्र अडून बसला, त्याचं चित्र फार सुरेख आलं होतं. "सर, तुम्हीच छान लिहिलंय," म्हणाला. मी त्याला सांगितलं की ते "छान" मी परत घेतो. मग त्यानंही पान दिलं. प्रत्येक जर्नलात फाटलेल्या जागी "शिक्षकांनी काढून घेतले" असं लिहून सही केली. पुढं परीक्षकांनी विचारलं, विभागप्रमुखांनीही लेखी विचारलं. मी लेखी उत्तर दिलं. ते माझ्या फाइलला आहे.

त्या पंधरा दिवसांतल्या बाराव्या दिवशी ती आली. मी पानं पाकिटात घालून तिच्या हातात दिली. तिनं तिथंच उभं राहून एक-एक बघितलं. मला वाटलं, फाडेल किंवा रडेल. ती म्हणाली, "चौघांनी चुकीचं काढलंय, सर. रक्तवाहिन्या एवढ्या जाड नसतात यात. तुम्ही सही कशी केली?" आणि पाकीट बॅगेत टाकून आपल्या जागेवर जाऊन बसली. रूममेट हळूच म्हणाली, आली बाई मास्तरीण. दोघी हसल्या. माझ्याकडं कोणी बघितलं नाही.

आता माझ्या वर्गात खुर्चीची पाळी रोल नंबरनं लागत नाही. ज्याला बसायचं तो बसतो, नाही म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. थेंब घातल्यावर पहिल्यांदा मी एकटा बघतो, दार लावून, आणि काही असेल तर ते त्या मुलालाच सांगतो. त्यानंतरच्या बॅचेसना ही रीत पहिल्यापासूनचीच वाटते. मी त्यांचा गैरसमज दूर करतो. ही रीत कोणाला सोसावं लागल्यावर आली ते सांगतो, नाव न घेता, तिला विचारून. तिनं हो म्हणायला चार महिने लावले होते.

तिनं मला माफ केलं की नाही, माहीत नाही. समोर आली की नमस्कार करते, कामाचं बोलते. मी विचारलं नाही. विचारणं म्हणजे तिच्याकडून अजून एक काहीतरी मागणं झालं असतं.

ती त्या वर्षी परीक्षेला बसली आणि पास झाली. चौथ्या वर्षाची इंटर्नशिप तिनं अकोल्याच्या एका नेत्र रुग्णालयात केली, आणि त्यांनीच तिला कामावर ठेवून घेतलं. आज ती तिथं कमी दिसणाऱ्या लोकांचा विभाग बघते. ऑप्टोमेट्रीची पदवी तिच्या नावावर आहे, प्रथम श्रेणीत.